सोमवारची मौनी सदस्य

माझं नाव सत्यभामा. नाव ठेवताना आमच्या आत्याच्या मनात काय होतं कोण जाणे. पुराणातली सत्यभामा रुसली की द्वारका हलायची. मी रुसले तर आमच्या ह्यांना ते दुसऱ्या दिवशी कळतं, तेही मी सांगितल्यावर. आवाज मुळातच बारीक. भजनी मंडळात माझ्या हातात टाळ देतात, माईक देत नाहीत.

देवाने आवाज दिला नाही म्हणून की काय, मी व्रतं मात्र भरपूर घेतली. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, प्रदोष आहे, एकादश्या आहेत, चातुर्मासात वांगं बंद, आणि लाखवातीचा संकल्प सोडलेला असल्यामुळे हाताला सतत कापूस. कापसाची आमच्या जिल्ह्यात काय वाण. या सगळ्यांत माझं नावाजलेलं व्रत म्हणजे सोमवारचं मौन. सकाळी आंघोळ झाली की तोंड बंद, ते तिन्हीसांजेला दिवा लागेपर्यंत. सोळा सोमवारांपुरतंच धरलं होतं. उद्यापन करायच्या वेळी सुतक आलं, पुढे साकेतच्या मुलीचं, म्हणजे आमच्या नातीचं, बारसं आलं, आणि मग राहूनच गेलं. मंडळातल्या बायका म्हणतात, केवढी तुमची साधना. साधना कसली. सोमवारी ह्यांनी 'अगं, माझा चष्मा कुठाय' म्हणून कितीही हाका मारल्या तरी मला उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यातलं मोठं पुण्य.

तर अशी मी, आणि मला सरकारने नेमलं.

झालं असं की आमच्या वॉर्डातले उकंडाभाऊ, जे कुठल्याही पक्षाचं सरकार आलं तरी त्यांचेच असतात, एक दिवस संध्याकाळी आले आणि पाटावर बसकण मारून म्हणाले, "काकू, जिल्ह्याच्या प्रवासी सुविधा समितीवर मले एक बाईमाणूस पाह्यजे. वरून फोनावर फोन येऊन राह्यले. तुमचं नाव देऊन टाकतो."

मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं.

"कळाचं कायले? बसाचं, चहा प्याचा, सही कराची. दुसऱ्या दोघींची नावं होती माह्याजवळ, पण त्या भांडतात."

ही माझी निवड. याहून सविस्तर मुलाखत माझी लग्नातही झाली नव्हती. आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वरराव, कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेले. त्यांनी आदेशाची प्रत देवासमोर ठेवली, कुंकू वाहिलं आणि मला बजावलं की सरकारी बैठकीत कमी बोलणारा माणूस जास्त टिकतो. त्या कसोटीला मी पुरून उरणार हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

कारण समितीच्या बैठका ठेवल्या सोमवारी. समिती चालवणारे साहेब त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी असतात म्हणून सोमवारी. पहिल्या बैठकीला मी एका कागदावर 'आज मौन आहे' असं लिहून नेलं आणि तिथल्या बाबूंना दाखवलं. त्यांनी हात जोडले. पुढे त्यांची बदली झाली, साहेबांचीही झाली, आणि तो कागद काही त्यांनी कार्यभारात दिला नाही. नवीन साहेब आले, नवीन बाबू आला इंद्रजित नावाचा. मी मात्र तीच राहिले. खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर कापसाची पिशवी, वाती वळत. ठराव आला की मान हलवायची. बाकीच्या सदस्यांपैकी कोणी मला कधी काही विचारलं नाही. माझ्याशी बोलायची त्यांना गरजच पडली नाही.

इंद्रजितने मात्र मला जीव लावला. मी दिसले की तो धावत यायचा. चहा हवा का हे तो बोलून विचारायचा नाही. हाताचा पेला करून ओठाला लावून दाखवायचा. सही कुठे करायची ते हवेत सही करून दाखवायचा. एखादा शब्द लागलाच तर तोंड एवढं मोठं करून, सावकाश, जसं काही मी त्याच्या दातांचा हिशेबच घेणार आहे. जिना उतरताना हात धरायचा. मी भारावून गेले. घरी येऊन, दिवा लावून, तोंड उघडल्यावर पहिली गोष्ट ह्यांना सांगितली ती हीच: आजकालच्या दिवसांत असा मुलगा, की माझ्या मौनाचा मान राखायला स्वतःही बोलत नाही. ह्यांनाही पटलं. संस्कार म्हणाले. पुढच्या वेळी मी त्याच्यासाठी सत्यनारायणाचा शिरा नेला. त्यानेही तो डोळे मिटून, खुणेनेच, छान झालाय असं सांगितलं.

यात माझी काही वर्षं गेली.

मग या श्रावणात बातमी आली की विधिमंडळाची समिती दौऱ्यावर येते आहे. सरकार ज्या समित्या-मंडळांवर माणसं नेमतं, त्यांत कोण कोण आहे, सगळ्या प्रकारच्या माणसांना जागा मिळाली की ओळखीपाळखीचीच भरली, हे त्या आमदारांना तपासायचं होतं. कार्यालयाच्या भिंतींना रंग लागला. इंद्रजितचा घरी फोन आला, तो ह्यांनी घेतला. बैठक सोमवारी, आणि मॅडमसाठी खास अमरावतीहून एक बाई मदतीला बोलावल्या आहेत, असा निरोप.

"तुझ्या एकटीसाठी बाई येणार अमरावतीहून," हे म्हणाले. "जिना चढायला असेल."

मी अंगावर मूठभर मांस चढवून घेतलं. ठेवणीतली नऊवारी काढली. विचारलं असतं की कशाची मदत, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मोठेपणा मिळत असला की कशाबद्दल हे कोण विचारतं.

सभागृहात समोर आमदार बसले होते. मधल्या खुर्चीत समितीच्या अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, माईक बाजूला सारून बोलणाऱ्या. मागे लोकांसाठी खुर्च्या. मी माझ्या जागेवर बसले, पिशवीतून कापूस काढला, आणि एक तरतरीत मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर केतकी असं नाव होतं. तिने हसून नमस्कार केला आणि मग तिचे हात चालू झाले. बोटं वळत होती, तळवे उघडत होते, भुवया वरखाली. मी पाहतच राहिले. संध्येत मुद्रा करतात तसं काहीतरी असावं. अमरावतीकडे मौन धरलेल्या बाईचं असं स्वागत करत असतील. मीही उलटून नमस्कार केला आणि तिला एक वळलेली वात दिली. तिने ती घेतली. तिचा चेहरा जरा कोड्यात पडला.

तिकडे साहेब उभे राहून वाचत होते. आमच्या समितीत महिला आहेत, ज्येष्ठ नागरिक आहेत, ग्रामीण भागाचं प्रतिनिधित्व आहे, समाजसेवेतली व्यक्ती आहे, दिव्यांग प्रतिनिधी आहेत. मी मागे वळून पाहिलं. एवढी सगळी माणसं कधी नेमली, आणि मला कशी दिसली नाहीत? मला तर रांगेने शर्टच दिसत होते.

अध्यक्षबाईंनाही बहुतेक तेच दिसत होते. त्यांनी विचारलं, यातल्या महिला कोण? इंद्रजितने माझ्याकडे हात केला. मी उठून नमस्कार केला. ज्येष्ठ नागरिक? पुन्हा माझ्याकडे. मी पुन्हा उठले. ग्रामीण भाग? मी. समाजसेवा? मी. भजनी मंडळाची मी चिटणीस आहे, ते धरलं असावं. इथवर मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एवढा सगळा समाज माझ्या एका लुगड्यात मावतोय याचा अभिमानच वाटत होता.

"आणि दिव्यांग?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

इंद्रजितने माझ्याकडे हात केला, आणि मग प्रेमाने आपल्या कानाला व ओठांना बोट लावून दाखवलं.

मी अर्धी उठले होते, तशीच राहिले. हाताचा पेला, हवेतली सही, दातांची प्रदर्शनं, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. तो माझ्या व्रताचा मान राखत नव्हता. तो मला मुकी-बहिरी समजत होता, आणि मी त्याला शिरा खाऊ घालत होते.

सुदैवाने तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. केतकीने साहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. साहेब माझ्याकडे आले, मागोमाग इंद्रजित. साहेबांनी हळूच विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं?" मी होकाराची मान हलवली. इंद्रजितने चहाची खूण करायला उचललेला हात खाली घेतला. मी पिशवीतला कागद काढून लिहिलं: आज सोमवार, मौन आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि इतक्या भाविकपणे हात जोडले की मला पहिल्या बाबूंची आठवण झाली.

"काकू," ते म्हणाले, "धर्माच्या आड आम्ही यायचं नाही. तुम्ही आजचं मौन पाळाच. काही झालं तरी मोडू नका."

माझ्या व्रताची एवढी काळजी आजवर कोणी केली नव्हती. ह्यांनीसुद्धा नाही. आणि मी गप्प बसायचं ठरवलं होतं, हेही सांगते. श्रावणी सोमवार. चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे मला एरवीच घाम फुटतो. त्यात आज तर महादेवच पाठीशी होता. कोणालाच कळलं नाही तर कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. असं मला वाटलं.

चहानंतर लोकांची पाळी आली. मागून एक बाई उठली, बरोबर बावीस-चोवीस वर्षांची मुलगी. बाई म्हणाली, मी कांताबाई, ही माझी वर्षा, दारव्ह्याच्या रस्त्यावर आमचं गाव. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही. कॉम्प्युटर शिकली, तालुक्याच्या गावी एका दुकानात कामाला लागली. पण बस कोणत्या फलाटावर लागणार हे स्थानकावर भोंग्यातून सांगतात. फलाट बदलला की सगळी माणसं पळतात, हिला वाटतं कुठे भांडण झालं. ती पळून पाहायला जाते तोवर बस गेलेली. रोजचा उशीर, ते काम गेलं. आता दुसरीकडे लागलंय, आणि तिथल्या मालकानेही शेवटचं बजावलंय.

"एक पाटी लावा म्हनलं," कांताबाई म्हणाली. "फलाट बदलला का त्याच्यावर लिहा. बस, एवढंच. त्याच्यासाठी पोरीनं अर्ज केलता समितीत घ्या म्हणून. तर म्हने जागा भरली, तिथं तुमच्यासारखीच एक बाई हाय, ती मांडते तुमचं. मंग आमी म्हनलं, ठीक. पन पाटी काई लागली नाई. काहून लागली नाई, हे इचाराले आलो."

आई बोलत असताना केतकीचे हात वर्षासाठी चालले होते. 'तुमच्यासारखीच एक बाई' इथे आले तसं वर्षाने सभागृहावरून नजर फिरवली. मघाशी इंद्रजितने कानाला बोट लावून दाखवलेली बाई तिने पाहिली होती. ती सरळ माझ्याकडे आली.

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी गप्प राहिले असते. राग मला सोसतो. पण तिला आनंद झाला होता. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिने हातांनी बोलायला सुरुवात केली. आधी सावकाश, मग भराभर. एवढ्या माणसांत आपलं बोलणं कळणारं कोणी भेटल्यावर माणूस कसं बोलेल, तसं. मधेच हसली. मधेच हातांचं चाक फिरवलं, ती बस असावी. मग हवेत एक चौकोन काढला, आणि थांबली. माझ्या उत्तरासाठी.

माझ्या हातात कापूस होता. मला तिचं एक अक्षर कळलं नव्हतं.

तिने पुन्हा, सोपं करून, तोच चौकोन काढला. मग माझ्या हातांकडे पाहिलं, मग केतकीकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण त्याला कुठे जावं ते कळत नव्हतं. साहेब पलीकडून माझ्याकडे बघत हात जोडून उभे होते. आणि मला एवढंच दिसलं की या जागेवर मी बसले आहे म्हणून ती बसू शकली नाही, आणि बसून मी वाती वळल्या.

"मला ऐकू येतं," मी म्हटलं. "बोलताही येतं."

माझा आवाज असा, की समोरच्या आमदारांना तो पोचलाच नाही. शेजारच्या सदस्यालाही नाही. तो ऐकला फक्त केतकीने, आणि तिने सवयीने तो तसाच हातांनी वर्षाला सांगितला. त्या भरल्या सभागृहात माझं पहिलं बोलणं सगळ्यांत आधी कळलं ते वर्षाला. तिने हात मांडीवर ठेवले.

"काय म्हणाल्या त्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

केतकीने मोठ्याने सांगितलं. साहेब खाली बसले. आता मला उभं राहणं भागच होतं. मी सांगितलं की मी मुकी नाही, सोमवारी माझं मौन असतं. मागे कोणीतरी हसलं.

"तुम्ही या समितीत एवढी वर्षं आहात," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि एकाही बैठकीत बोलला नाहीत?"

"बैठका सोमवारी असतात."

"मग दिवस बदलून मागायचा."

"त्यासाठी बोलावं लागलं असतं."

यावर मात्र सगळंच सभागृह हसलं, आमदारांसकट. मला विनोद करायचा नव्हता. मी खरं तेच सांगत होते, आणि तेच ऐकायला इतकं वाईट होतं.

हसणं ओसरल्यावर अध्यक्षबाईंनी साहेबांना विचारलं की ही एक बाई उठून घरी गेली तर तुमच्या अहवालातले किती रकाने रिकामे होतील. साहेब पाणी प्याले. इंद्रजित म्हणाला, त्याने जे पाहिलं ते भरलं. मी मधे पडून सांगितलं की त्याचा दोष नाही, मलाच ते आवडत होतं. मग मी राजीनामा देते म्हटलं, आणि या जागेवर वर्षाला घ्या.

"तिला घ्या हे बरोबर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण तुम्ही कुठे निघालात? बाईची जागा अजून कोणी भरलेलीच नाही. आधी एका बैठकीत बोलून दाखवा, मग राजीनामा द्या."

घरी जाऊन मी देवघरात बसले. ह्यांनी दारातूनच विचारलं, मोडलं? मी मोडलं म्हटलं. महादेवाने काही शिक्षा केली नाही. भगर तेवढी करपली, ती तर दर सोमवारी करपते.

वर्षाच्या नेमणुकीचा आदेश अजून निघायचा आहे. शिफारस गेली आहे, फाईल मुंबईत आहे, उकंडाभाऊ म्हणतात आपलंच सरकार आहे. तोवर तिला विशेष निमंत्रित म्हणून बोलावतात. बैठका आता गुरुवारी असतात. पहिल्या गुरुवारी मी पाटीचा विषय मांडला. घरी तीनदा म्हणून गेले होते, तरी साहेब म्हणाले, जरा मोठ्याने. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, अजून जरा. तेव्हा वर्षाने टेबलावर अशी थाप मारली की चहाचे कप उडाले, आणि सगळे शर्ट तिच्याकडे वळले. मग मी त्या शांततेत बोलून घेतलं. आमची ही पद्धत आता बसली आहे: थाप तिची, आवाज माझा. पाटी लागली. चौकशीच्या खिडकीबाहेर काळा फळा आहे. तिथले बाबू त्यावर फलाट लिहितात, कधी विसरतात, मग वर्षा खिडकीवरही थाप मारते. मालकाने तिला अजून काढलेलं नाही.

तिने मला लगेच माफ केलं असं मात्र नाही. पहिल्या दोन बैठकांना ती माझ्या शेजारी बसली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी मी तिच्यासमोर हवेत चौकोन काढला. माझा चौकोन बहुधा दुसराच काही झाला असावा, कारण ती इतकी हसली की बरोबर आलेल्या कांताबाईला तिला पाणी द्यावं लागलं. त्यानंतर ती मला शिकवायला लागली. तिची सुट्टी सोमवारी असते.

खुणांनी बोललं तर मौन मोडतं का, हे मी आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून करताहेत. तोवर सोमवारी ती येते, ओसरीवर आम्ही बसतो, आणि मी आठवड्यात एरवी कधी बोलत नाही एवढं त्या दिवशी बोलते, सुनांबद्दलही. आमचे हे कुरकुरतात की सोमवारची त्यांची शांतता गेली. आवाज नाही तर शांतता कशी गेली, असं मी हातांनीच विचारते, पण ते ह्यांना कळत नाही.

वर्षाच्या बोलीत माणसांची नावं अक्षरांनी ठेवत नाहीत; ज्याची जी खूण लक्षात राहते ती त्याचं नाव. इंद्रजितचं नाव तिने चहाचा पेला ठेवलंय. माझं काय, असं मी विचारलं. तिने दोन बोटांनी आपले ओठ चिमटीत धरले, घट्ट मिटले, माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, आणि मग चिमूट हळूच सोडली.

सत्यभामेपेक्षा हे बरं आहे.